कर्ट फ्लड आणि राखीव कलम

अमेरिकेंतील बेसबॉलच्या गोष्टी निघाल्या कीं, कर्ट फ्लड या खेळाडूनें आपल्या व्यवसायबंधूंना मालकांच्या कबजांतून सोडविलें, असें एक वाक्य हटकून ऐकूं येतें. वाक्य कौतुकाचें आहे, पण तें जसेंच्या तसें खरें नव्हे. फ्लड यानें मालकांवर खटला भरला आणि तो खालपासून वरपर्यंत तीनही न्यायालयांत हरला. ज्या निर्णयानें खेळाडू मोकळे झाले, तो दुसऱ्याच दोघांच्या तक्रारीवर, दुसऱ्याच मार्गानें, आणि फ्लड खेळांतून उठल्यावर साडेचार वर्षांनीं लागला. असें असतां मान मात्र फ्लडच्या नांवाला मिळतो. तो योग्य आहे कीं नाहीं, हें ठरविण्यापूर्वीं त्याचा खेळ व त्याचा करार या दोहोंची ओळख करून घ्यावयास हवी.

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाहीं. तेव्हां त्याविषयीं दोन शब्द. मैदानाच्या एका कोंपऱ्यांत एक चौकोन आंखलेला असतो व त्याच्या चार कोनांवर चार तळ असतात. फलंदाजानें गोल दांडक्यानें चेंडू टोलवावा आणि हे तळ फिरून मूळ जागीं यावें, कीं एक धांव झाली. चौकोनापलीकडे जें अफाट हिरवें मैदान पसरलेलें असतें, त्याची राखण अवघ्या तिघांकडे असते. त्यांतील मधल्याला सेंटर फील्डर म्हणतात व सर्वांत मोठा टापू त्याच्याच वाट्यास येतो. बॅटीवर चेंडू आदळल्याचा नुसता आवाज ऐकून त्यानें दिशा व अंतर ताडावयाचें, प्रसंगीं चेंडूकडे पाठ करून धांवत सुटावयाचें, आणि चेंडू जेथें उतरणार तेथें त्याच्या आधीं पोंचावयाचें. बाजूनें जाणाऱ्या चेंडूची कमान डोळ्यांना दिसते. थेट आपल्याच रोखानें आलेल्या चेंडूची दिसत नाहीं. म्हणून तो पारखणें सर्वांत अवघड. श्रोत्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी; पुढें तिचें काम पडणार आहे.

फ्लडचा जन्म १८ जानेवारी १९३८ रोजीं टेक्सास संस्थानांतील ह्यूस्टन शहरीं झाला. पण तो वाढला कॅलिफोर्नियांतील ओकलंड शहराच्या पश्चिमेकडील गरीब वस्तींत. तेथें जॉर्ज पोल्स नांवाचे एक गोरे शिक्षक मुलांना बेसबॉल शिकवीत. त्यांच्या हाताखालून फ्रँक रॉबिन्सन, व्हेडा पिन्सन आणि फ्लड असे तीन नामांकित खेळाडू निघाले. एका शिक्षकाच्या पदरीं इतकें श्रेय क्वचितच पडतें. १९५६ सालीं शाळा संपवून फ्लड यानें सिनसिनाटी संघाशीं ४,००० डॉलरांचा करार केला आणि अठराव्या वर्षीं तयार होण्यासाठीं तो दक्षिणेकडील लहान संघांत रवाना झाला.

दक्षिणेंत त्या काळीं वर्णभेदाचें राज्य होतें. प्रवासांत गोरे सोबती ज्या उपाहारगृहांत बसून जेवीत, तेथें कृष्णवर्णी फ्लडला दारांतून आंत घेत नसत. एकदां लागोपाठ दोन सामने होते. मधल्या वेळांत सर्वांनीं घामानें भिजलेले कपडे काढून एका ढिगांत टाकले, फ्लडनेंही टाकले. तेव्हां तेथील नोकरानें ओरडा करून त्याचे कपडे काठीच्या टोंकानें उचलून वेगळे काढले व ते कृष्णवर्णी लोकांच्या धोबीखान्याकडे पाठविले. ते परत येईपर्यंत हा पोरगा उघडाच बसून राहिला, दुसरा सामना सुरू झाला, आणि उशीरा मैदानांत उतरल्याबद्दल प्रेक्षकांच्या शिव्या वर खाव्या लागल्या. हा प्रसंग पुढें त्यानें स्वतः सांगितला आहे. असल्या परिस्थितींतही १९५६ च्या हंगामांत आपल्या लीगमधील फलंदाजीचा पहिला क्रमांक त्यानें पटकावला. १९५७ च्या डिसेंबरांत सिनसिनाटीच्या मालकांनीं अदलाबदलींत त्याला सेंट लुईस शहराच्या कार्डिनल्स संघाकडे देऊन टाकलें. त्याला कोणी विचारलें नाहीं. विचारण्याची पद्धतच नव्हती.

सेंट लुईस येथें आरंभींचीं वर्षें अर्धवट गेलीं. व्यवस्थापक सॉली हेमस त्याला नियमित खेळवीत नसत. १९६१ च्या जुलैंत जॉनी कीन व्यवस्थापक झाले, त्यांनीं मधली जागा त्याच्या हवालीं केली, आणि मग त्या जागीं दुसरा कोणी दिसला नाहीं. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाबद्दल देण्यांत येणारा सोनेरी हातमोजा त्याला १९६३ पासून १९६९ पर्यंत ओळीनें सात वेळां मिळाला. १९६६ च्या सबंध हंगामांत त्याच्या हातून एकही चूक नोंदली गेली नाहीं. मागचे-पुढचे सामने धरतां ही निर्दोष मालिका २२६ सामन्यांपर्यंत गेली. बॅटही स्वस्थ नव्हती. १९६४ सालीं त्यानें २११ यशस्वी फटके मारले आणि १९६७ सालीं दर शंभर प्रयत्नांस सरासरी साडेतेहतीस असें प्रमाण राखलें. त्या खेळांत तिसाचें प्रमाण राखणारासुद्धां उत्तम फलंदाज गणला जातो. या दोन्ही वर्षीं त्याचा संघ जगज्जेता ठरला. उंची अवघी ५ फूट ९ इंच. पण संघाच्या दोन कर्णधारांपैकीं एक तो.

मैदानाबाहेरचा फ्लडही ध्यानांत घेतला पाहिजे. १९६२ सालीं मिसिसिपीमधील जॅक्सन येथें नागरिक हक्कांच्या सभेस जॅकी रॉबिन्सन यांच्यासमवेत तो हजर राहिला. १९६४ सालीं, नुकतीच जगज्जेतेपदाची माळ गळ्यांत पडली असतां, कॅलिफोर्नियांतील अलामो गांवीं त्यानें एक घर भाड्यानें घेतलें. भाडेकरी कृष्णवर्णी आहे हें कळतांच मालकानें घर देण्याचें नाकारलें व बंदुकीचा धाक घातला. फ्लड न्यायालयांत गेला, हुकूम मिळविला, आणि पोलिसांच्या देखत त्या घरांत राहावयास गेला. पुढें जें घडलें त्याची तालीमच ही म्हणावयाची.

१० ऑक्टोबर १९६८ चा दिवस त्याच्या खेळांतला काळा दिवस होय. जगज्जेतेपदाच्या मालिकेंतील सातवा, म्हणजे निकालाचा सामना. प्रतिपक्ष डेट्रॉइटचा टायगर्स संघ. सेंट लुईसतर्फें चेंडू फेकणारा बॉब गिब्सन. सहा डाव उलटले तरी दोन्हीं बाजूंस एकही धांव नव्हती. सातव्या डावांत डेट्रॉइटचे दोन गडी बाद होते व दोन तळांवर उभे होते. जिम नॉर्थरप यानें चेंडू उंच टोलवला, तो थेट फ्लडच्याच रोखानें. फ्लडनें पहिलीं पावलें पुढें टाकलीं. तीं चुकीचीं होतीं. तो मागें वळला, त्याचा पाय किंचित घसरला, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून जाऊन मागें पडला. दोन धांवा झाल्या. सामना ४-१ असा गेला. ज्या मनुष्यानें सबंध हंगाम निर्दोष काढून दाखविला होता, त्याची एवढी एकच चुकलेली पावलें लोकांच्या स्मरणांत राहिलीं. झालेल्या चुकीचा दोष त्यानें दुसऱ्या कोणावर टाकला नाहीं.

आतां कराराकडे वळूं. व्यावसायिक बेसबॉलच्या मालकांनीं १८७९ सालीं आपसांत ठरविलें कीं, प्रत्येक संघानें आपले पांच खेळाडू ‘राखून’ ठेवावे व इतरांनीं त्यांना हात लावूं नये. हळूहळू पांचांचे सर्वच झाले. करार कागदोपत्रीं एका वर्षाचा असे. पण खेळाडूनें नवा करार केला नाहीं तर जुनाच आणखी एक वर्ष पुढें चालविण्याचा हक्क मालकास असे. या नव्या वर्षाच्या करारांतही तेंच कलम आलें, असा अर्थ मालक करीत. म्हणजे वर्षामागून वर्ष ही सांखळी कधींच तुटावयाची नाहीं. खेळाडूनें त्याच संघांत खेळावें किंवा खेळच सोडावा. मालकाला मात्र तो विकतां येई, बदलतां येई, काढूनही टाकतां येई. मालकांची बाजूही ऐकून ठेवावी: हें बंधन नसेल तर श्रीमंत संघ सारे चांगले खेळाडू विकत घेतील, सामन्यांत चुरस उरणार नाहीं, आणि प्रेक्षक घरीं बसतील. या म्हणण्यांत कांहींच तथ्य नव्हतें असें नाहीं. पण धंद्याची सारी किंमत एकाच पक्षानें कां द्यावी, याचें उत्तर त्यांत नव्हतें.

मक्तेदारीविरुद्धचा कायदा अमेरिकेंत १८९० पासून आहे. मग त्याच्या तडाख्यांतून हें कलम सुटलें कसें? १९२२ सालीं न्यायमूर्ति ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनीं वरिष्ठ न्यायालयाचा एकमुखी निर्णय दिला कीं, बेसबॉलचा सामना ही त्या त्या गांवची स्थानिक गोष्ट आहे. त्यासाठीं संघ एका संस्थानांतून दुसऱ्यांत प्रवास करतात हें केवळ आनुषंगिक आहे. सबब हा आंतरसंस्थानीय व्यापार नव्हे. १९५३ सालीं प्रश्न पुन्हां आला, तेव्हां न्यायालयानें जुनाच निर्णय उचलून धरला. गंमत अशी कीं, पुढें मुष्टियुद्ध आणि फुटबॉल यांना तोच कायदा लागू आहे असें त्याच न्यायालयानें ठरविलें. बेसबॉल तेवढा सोंवळ्यांत राहिला.

१९६९ च्या मार्चमध्यें कार्डिनल्स संघाचे मालक ऑगस्ट बुश यांनीं वार्ताहरांच्या देखत आपल्या खेळाडूंना कृतघ्नपणाबद्दल खडे बोल सुनावले. बुश हे मद्याच्या मोठ्या कारखान्याचे धनी. फ्लडला त्या वर्षीं ९०,००० डॉलर मिळत होते, आणि तेवढे मिळविण्यासाठीं त्यानें घासाघीसही केली होती. त्या वर्षीं संघ मागें पडला. ७ ऑक्टोबर १९६९ रोजीं फ्लड व आणखी तिघे फिलाडेल्फियाच्या संघाला देऊन त्यांच्या बदल्यांत तिघे घेण्यांत आले. बारा वर्षांच्या चाकरीनंतर ही बातमी त्याला कचेरींतील एका कारभाऱ्यानें टेलिफोनवरून सांगितली. मालकांनीं स्वतः चार शब्द बोलण्याची तसदी घेतली नाहीं. सेंट लुईस येथें त्याचें बिऱ्हाड होतें, छायाचित्रांचा धंदा होता. वय एकतीस. फिलाडेल्फियाला जावें, किंवा खेळ सोडावा, हे दोनच मार्ग होते.

त्यानें तिसरा शोधला. खेळाडूंच्या संघटनेचे सूत्रधार मार्व्हिन मिलर हे पूर्वीं पोलाद-कामगारांच्या संघटनेंत अर्थशास्त्रज्ञ होते. त्यांनीं फ्लडला आशा दाखविली नाहीं. खटला बहुधा हराल, जिंकलांत तरी लाभ तुम्हांला होणार नाहीं, खेळाचें उरलेलें वय यांत जाईल, आणि पुढें या धंद्यांत शिक्षकाची किंवा व्यवस्थापकाची नोकरी कोणी देणार नाहीं, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. यावर फ्लडनें विचारलें, इतर खेळाडूंना आणि पुढें येणाऱ्यांना याचा उपयोग होईल काय? होईल, असें मिलर म्हणाले. तेवढें त्याला पुरेसें वाटलें. डिसेंबरांत प्वेर्तो रिको बेटांतील सान ह्वान येथें संघटनेच्या प्रतिनिधींची सभा भरली. तूं हें कृष्णवर्णी म्हणून करतो आहेस काय, असा प्रश्न एकानें उघडच टाकला. कृष्णवर्णी खेळाडूंचे हाल अधिक आहेत, हें फ्लडनें नाकारलें नाहीं. पण हा लढा खेळाडू या नात्यानें सर्वांसाठीं आहे असें तो म्हणाला. खटल्यास मदत करण्याचा ठराव एकमतानें झाला.

२४ डिसेंबर १९६९ रोजीं त्यानें बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्र लिहिलें. पत्र लहान आहे. बारा वर्षें खेळल्यावर आपल्या इच्छेला न विचारतां आपली खरेदी-विक्री व्हावी अशी आपण मालमत्ता नाहीं. १९७० सालीं आपण खेळूं इच्छितों. सर्व संघांना तसें कळवावें, एवढाच त्याचा आशय. कून यांचें उत्तर सभ्य होतें. मनुष्य ही मालमत्ता नव्हे हें त्यांना मान्य होतें, पण त्याचा या प्रकरणाशीं संबंध काय हें त्यांना दिसत नव्हतें. करार तो करार.

येथेंच लोकमत फ्लडच्या उलट गेलें. वर्षाला ९०,००० डॉलर घेणारा मनुष्य गुलामगिरीची भाषा बोलतो, हें ऐकून वर्तमानपत्रांनीं त्याची टर उडविली. दूरचित्रवाणीवर त्याला हाच प्रश्न विचारला गेला, तेव्हां पगार भरपूर असला म्हणून गुलाम गुलाम राहत नाहीं असें होत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर त्यानें दिलें. अमेरिकेंतल्या खऱ्या गुलामांचें जिणें आठवलें म्हणजे हा शब्द अतिशयोक्तीचा वाटतो, आणि त्यानें फ्लडचें नुकसानच केलें. परंतु त्याची तक्रार पगाराविषयीं नव्हतीच. फिलाडेल्फियानें त्याला कमी पगार देऊं केला नव्हता. कोठें राहावें व कोणासाठीं राबावें याला आपली संमति लागावी, एवढेंच त्याचें मागणें होतें. ज्याचा पगार मोठा, त्याच्याच तोंडून तें आलें, म्हणून तर तें स्वच्छ दिसलें. भुकेल्या मनुष्यानें तेंच मागितलें असतें तर चार डॉलर वाढवून त्याला गप्प करतां आलें असतें.

१९७० च्या जानेवारींत न्यूयॉर्क येथें खटला दाखल झाला. वकील आर्थर गोल्डबर्ग हे स्वतः एके काळीं वरिष्ठ न्यायालयाचे न्यायमूर्ति. मे-जूनमध्यें न्यायाधीश अर्व्हिंग बेन कूपर यांच्यापुढें सुनावणी झाली. जॅकी रॉबिन्सन साक्षीस आले. १९४७ सालीं या खेळांतील वर्णाची भिंत ज्यांनीं ओलांडली तेच हे. जुन्या पिढीचे हँक ग्रीनबर्ग आले. पण ज्यांनीं सान ह्वानला हात वर केले होते, त्या चालू खेळाडूंपैकीं एकही न्यायालयांत येऊन बसला नाहीं. त्यांना दोष देणें सोपें आहे. प्रत्येकाचा करार एका मालकाच्या हातीं होता, हें विसरूं नये. तरीही ती रिकामी बांकें फ्लडच्या मनाला अखेरपर्यंत लागून राहिलीं. ऑगस्टमध्यें निकाल विरुद्ध गेला, आणि १९७१ च्या एप्रिलांत अपील न्यायालयानें तो कायम केला.

१९७० चा हंगाम फ्लडनें खेळाविना, डेन्मार्कांतील कोपनहेगन शहरीं काढला. कर्ज वाढत होतें. १९७१ सालीं वॉशिंग्टनच्या संघानें त्याला १,१०,००० डॉलर देऊं केले, व खटल्यास बाध येणार नाहीं अशी तजवीज करून तो परत आला. पण दीड वर्षाच्या खंडानें अंगचें कसब गेलें होतें. १३ सामने, ३५ प्रयत्न, ७ फटके, एवढाच हिशेब. २७ एप्रिल रोजीं तो विमानानें देश सोडून निघाला, आणि मालकांना तार तेवढी केली. स्पेनच्या मायोर्का बेटावर त्यानें मद्यगृह काढलें. स्वतःही तो पिण्याच्या फार आहारीं गेला.

तो मायोर्कांत असतांना, १९ जून १९७२ रोजीं, वरिष्ठ न्यायालयानें पांच विरुद्ध तीन मतांनीं निकाल दिला. नववे न्यायमूर्ति पॉवेल यांच्याजवळ बुश यांच्या कंपनीचे भाग असल्यामुळें ते बाजूस राहिले. बहुमताचा निर्णय न्यायमूर्ति ब्लॅकमन यांनीं लिहिला. त्याच्या आरंभीं त्यांनीं बेसबॉलचा इतिहास देऊन ऐंशींवर जुन्या खेळाडूंची नामावळीच गुंफली. हा भाग त्यांच्या बाजूच्या दोघां न्यायमूर्तींनाही आपल्या नांवावर नको होता. नंतर ते म्हणतात कीं, बेसबॉल हा व्यापारच आहे, त्याला मिळालेली सूट विसंगत आहे. पण ती पन्नास वर्षें चालत आली, सबब दुरुस्ती विधिमंडळानें करावी. चूक मान्य, पण जुनी आहे म्हणून राहूं द्या, असा हा न्याय. विरुद्ध मत देणारांत थर्गुड मार्शल, विल्यम ब्रेनन व विल्यम डग्लस हे होते. डग्लस यांनीं १९५३ च्या निर्णयास संमति दिली होती. त्याचा आपणांस पश्चात्ताप होतो असें त्यांनीं टिपेंत लिहून ठेवलें. न्यायासनावरून असें लिहावयास मोठें मन लागतें.

येथें फ्लडची हार पुरी झाली, आणि मालकांची सुरू झाली. न्यायालयांत त्यांच्या वकिलांनीं पुन्हां पुन्हां सांगितलें होतें कीं, हा प्रश्न न्यायालयाचा नव्हे, दोन पक्षांनीं वाटाघाटींनीं सोडविण्याचा आहे. मिलर यांनीं हा शब्द धरून ठेवला. १९७० च्याच करारांत तंटे निःपक्ष लवादाकडे नेण्याचें मालकांनीं कबूल केलें होतें. १९७३ मध्यें असें ठरलें कीं, दहा वर्षें खेळलेल्या व त्यांतलीं शेवटचीं पांच एकाच संघांत काढलेल्या खेळाडूची अदलाबदल त्याच्या संमतीवांचून होऊं नये. हा नियम १९६९ सालीं असता तर फ्लडला फिलाडेल्फियाला कोणीच धाडूं शकलें नसतें. त्यानंतर १९७५ चा हंगाम अँडी मेसरस्मिथ व डेव्ह मॅकनॅली यांनीं नव्या करारावर सही न करतां काढला, आणि लवाद पीटर साइट्झ यांनीं २३ डिसेंबर १९७५ रोजीं, म्हणजे फ्लडच्या पत्राला सहा वर्षें पुरीं होण्यास एक दिवस उरला असतां, निवाडा दिला: एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनीं साइट्झ यांना तात्काळ बडतर्फ केलें, पण निवाडा न्यायालयांतही टिकला. १९७६ पासून सहा वर्षें खेळलेला खेळाडू मोकळा होऊं लागला. त्या वर्षीं खेळाडूची सरासरी प्राप्ति सुमारें ५१,००० डॉलर होती. १९९२ मध्यें ती दहा लक्षांच्या वर गेली.

सबब, निवाडा साइट्झ यांचा, डावपेंच मिलर यांचे, आणि धोका पत्करणारे शेवटचे दोघे मेसरस्मिथ व मॅकनॅली, हें हिशेबानें लिहून ठेवलें पाहिजे. पण या कलमाची चर्चा घरोघर नेली ती फ्लडनें, आणि लवादाची वाट बांधली जात असतां मालकांचें लक्ष न्यायालयाकडे गुंतलें होतें तेंही फ्लडमुळेंच. त्या पैशांतला एक डॉलर त्याला मिळाला नाहीं. ओकलंडला परतून १९७८ सालीं त्यानें तेथील संघाच्या सामन्यांचें वर्णन रेडिओवरून केलें, पुढें दारू सोडली, मुलांच्या बेसबॉलचें काम पाहिलें. १९९४ च्या संपांत तो खेळाडूंच्या सभेस गेला, तेव्हां ते सारे उठून उभे राहिले. न्यायालयांतील बांकें रिकामीं राहिल्याला चोवीस वर्षें झालीं होतीं. घशाच्या कर्करोगानें २० जानेवारी १९९७ रोजीं लॉस एंजेलिस येथें त्याचें निधन झालें. वय एकुणसाठ.

विधिमंडळानें दुरुस्ती करावी असें १९७२ सालीं न्यायालय म्हणालें होतें. ती २७ ऑक्टोबर १९९८ रोजीं झाली, व त्या कायद्याला कर्ट फ्लडचेंच नांव देण्यांत आलें. मात्र तो केवळ वरिष्ठ लीगच्या खेळाडूंपुरता होता. लहान लीगांना त्यांतून स्पष्ट शब्दांनीं वगळलें होतें. ज्या लहान संघांतून अठरा वर्षांचा फ्लड दक्षिणेंत खेळत हिंडला, तसल्या संघांतील पोरांना त्याच्या नांवाचा कायदा लागू नव्हता. तीं पोरें खेळाडूंच्या संघटनेंत सामील झालीं २०२२ सालीं, आणि त्यांचा पहिला सामुदायिक करार २०२३ मध्यें झाला.